पथ्य पाळूनही साखर उतरत नाही तेव्हा

गेल्या पावसाळ्यात, रोपलावणीचे दिवस चालू असताना, रविवारच्या मिस्सानंतर एका गरोदर भगिनीने आम्हांला देवळाच्या आवारात बाजूला बोलावले. तिला सातवा महिना चालू होता. दवाखान्यात रक्तात साखर सापडल्यामुळे पंधरा दिवस पथ्य चालले होते. जेवणानंतरची साखर बरीच खाली आली होती, पण सकाळची उपाशीपोटीची काही केल्या उतरेना. तेव्हा डॉक्टरांनी आता औषध सुरू करू म्हणून सांगितले, आणि त्या दिवसापासून या बाईने रात्रीचे जेवणच बंद केले. "आणखी आठ दिवस नेटाने पाळलं तर सुई टळेल ना?" असे तिचे विचारणे होते. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पोरीनं तोंड आवरलं नाही, म्हणून ही पाळी आली."

सासूबाईंचे म्हणणे बरोबर नव्हते आणि सुनेचा उपायही बरोबर नव्हता. या दोन्ही चुका आपल्या बऱ्याच घरांतून होत असतात, म्हणून या वेळचे पान आम्ही याच विषयाला दिले आहे.

उसाला पाणी पाजताना काय होते ते वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. पाटाने पाणी येते आणि दारे धरणारा गडी एकेका सरीचे तोंड मोकळे करून पाणी आत घेतो. गडी नसला तर पाणी पाटातच तुंबते, बांधावरून वाहते, आणि सरी मात्र कोरडी राहते. आपण खातो त्या भाकरीची, भाताची साखर होऊन ती रक्तात येते. हे झाले पाटाचे पाणी. ती साखर शरीराच्या पेशींत घेणारा गडी म्हणजे इन्शुलिन. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, ती हे इन्शुलिन तयार करते.

बाई गरोदर राहिली की पोटात बाळाबरोबर वारही वाढू लागते. या वारेतून काही रस आईच्या रक्तात उतरतात, आणि त्यांच्यामुळे आईच्या पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. यात निसर्गाचा हेतू आहे. आईने खाल्लेले सगळे तिच्याच अंगी लागू नये, बाळाच्या वाट्याला पुरेसे राहावे, हा तो हेतू. पाचव्या महिन्यानंतर वारेचा हा जोर वाढत जातो आणि आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास सर्वांत अधिक असतो. जेथे एक गडी पुरत होता तेथे दोन-तीन लागू लागतात. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड तेवढे गडी पुरवते, काहींचे पुरवू शकत नाही. आईवडिलांना मधुमेह असणे, वय किंवा वजन जास्त असणे, आधीचे मूल फार मोठे झालेले असणे, यांमुळे ही शक्यता वाढते. पण शेतात राबणाऱ्या सडपातळ बाईलाही हा मधुमेह होतो, आणि आपल्या देशात तो मुळीच दुर्मीळ नाही. तेव्हा तोंड आवरले नाही म्हणून हे झाले, असे सुनेला म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि पूर्वी हे नव्हते असेही नाही. पूर्वी कोणी तपासत नव्हते. नऊ महिने भरलेले, भले मोठे मूल बाळंतपणात खांद्याशी अडकले, किंवा शेवटच्या दिवसांत पोटातच गेले आणि कारण कोणाला कळले नाही, अशा गोष्टी म्हाताऱ्या बायकांना आठवत असतील. त्यांतील काहींच्या मागे हाच आजार असला पाहिजे.

आता सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईची तपासणी पहिल्या भेटीतच करावयाची असते, आणि ती ठीक निघाली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावयाचे आणि दोन तासांनी रक्त द्यावयाचे. उपाशी जावे लागत नाही. साखर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक निघाली तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. दूरच्या वाडीवरून चालत येणाऱ्या बाईला उपाशीपोटी बसवून ठेवावे लागू नये, म्हणून ही साधी पद्धत आपल्या देशात रुजली. तिच्यासाठी चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी फार खटपट केली.

तपासणीत साखर निघाली की प्रथम पथ्य आणि चालणे. पथ्याविषयी थोडक्यातच लिहितो. दोन जिवांसाठी दुप्पट खाणे नको. साखरेचा चहा, गूळ, उसाचा रस, लाडू बंद. गूळ आपल्या घाण्यावरचा असला तरी रक्तात गेल्यावर त्याची साखरच होते. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती कितीही चालते ही समजूत खोटी आहे. मोजून खावी, भातही मोजून घ्यावा, आणि बरोबर मूग, चणे, उसळ, अंडे, मासळी, पालेभाजी भरपूर असावी. तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, असा दिवस वाटून घ्यावा. जेवणानंतर अर्धा तास चालावे. पुष्कळ बायकांना एवढ्याने पुरते, आणि त्यांना पुढे काहीच औषध लागत नाही.

हे पथ्य दोन आठवडे करून पाहतात आणि मग पुन्हा रक्त तपासतात. जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या खाली यावी अशी अपेक्षा असते. जेथे उपाशीपोटीची साखरही पाहतात तेथे ती 95 च्या खाली असावी लागते. हे आकडे साधले नाहीत तर औषध सुरू करतात. साखर फारच चढलेली असेल, जेवणानंतर 200 च्या वर असेल, तर डॉक्टर पंधरा दिवसही थांबत नाहीत. पहिल्यापासूनच इन्शुलिन देतात.

दोनच आठवडे का, असे पुष्कळजण विचारतात. घरातील वडीलमाणसांना साखर निघते तेव्हा डॉक्टर कधी कधी दोन-तीन महिने पथ्यावर ठेवतात, मग इथे एवढी घाई कशाला? कारण इथे हाताशी दिवसच थोडे असतात. सातव्या महिन्यात साखर सापडली तर बाळंतपणाला दहा-बारा आठवडे राहिलेले असतात, आणि वारेचा जोर रोज वाढत असतो. भात पोटरीवर आला असता पाणी तुटले तर मागाहून कितीही पाणी दिले तरी लोंबी भरत नाही, हे आपणांस सांगावयास नको.

आता त्या भगिनीच्या रात्रीच्या उपासाकडे वळू. उपाशीपोटीची सकाळची साखर ही रात्रीच्या जेवणाची नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. यकृत ही आपल्या शरीराची कणगी आहे. दिवसा खाल्लेल्यातील काही भाग ते साठवून ठेवते आणि रात्री आपण झोपलेले असताना थोडा थोडा रक्तात सोडते, कारण मेंदूला आणि पोटातील बाळाला रात्रीही साखर लागते. या कणगीचे तोंड किती उघडावयाचे तेही इन्शुलिनच ठरवते. इन्शुलिन कमी पडले की कणगी मोकळी सुटते, आणि बाईने रात्री घासभरही खाल्ले नाही तरी सकाळची साखर चढलेलीच राहते. म्हणून जेवणानंतरची साखर पथ्याने जशी उतरते तशी सकाळची उतरत नाही. ज्यांना औषध लागते त्यांच्यात अशा बायका पुष्कळ असतात. त्यांनी पथ्य मोडलेले नसते. पथ्याचा हात तेथवर पोचतच नाही.

उलट उपासाने नुकसान होते. खाणे तुटले की शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाची द्रव्ये रक्तात येतात आणि ती बाळापर्यंत जातात. बाळाची वाढ खुंटते. त्या बाईचे वजन पंधरा दिवसांत दोन किलोंनी उतरले होते. सातव्या महिन्यात वजन असे उतरणे ही आनंदाची गोष्ट नव्हे. सुई टळावी म्हणून जेवण टाकणे हे औषधापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक हीच आहे.

साखर थोडी जास्त राहिली तर बाळाला एवढे काय होते, हेही सांगितले पाहिजे. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्शुलिन जात नाही. तेव्हा बाळाचे इवलेसे स्वादुपिंडच जास्त इन्शुलिन करू लागते, आणि ती जादा साखर चरबी होऊन बाळाच्या अंगावर चढते. 1952 साली डेन्मार्कचे डॉ. पेडरसन यांनी हे सूत्र मांडले. बाळ मोठे होते, विशेषतः खांदे आणि पोट. बाळंतपणात ते अडते, आईला इजा होते किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. जन्मल्यावर नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम बंद होते, पण बाळाचे इन्शुलिन मात्र जोरात चालूच असते. मग बाळाची साखर धोक्याच्या खाली उतरते. ते सुस्त पडते, थरथरते, कधी आचके देते. गुटगुटीत बाळ म्हणून घरचे हरखलेले असतात आणि इकडे बाळ संकटात असते.

उपचाराने यात खरोखर फरक पडतो का? ऑस्ट्रेलियात एक हजार गरोदर बायकांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. ज्यांवर उपचार झाले नाहीत त्यांच्या बाळांत गंभीर अडचणी शेकडा 4 होत्या, उपचार झाले त्यांच्यात शेकडा 1. उपचार म्हणजे पथ्य, साखरेची वारंवार तपासणी, आणि गरज पडली तर इन्शुलिन. उपचार झालेल्यांपैकी दर पाच बायकांत एकीला इन्शुलिन लागले होते, बाकीच्यांचे पथ्यावर भागले.

आता औषधाविषयी. आपल्याकडे गरोदरपणात दोनच औषधे देतात. एक मेटफॉर्मिनची गोळी, दुसरे इन्शुलिन.

मेटफॉर्मिन यकृताच्या कणगीचे तोंड आवळते आणि पेशींना इन्शुलिनची दाद द्यावयास लावते. आपल्या सरकारी नियमांप्रमाणे ती वीस आठवडे झाल्यानंतर देतात. पहिले काही दिवस मळमळ, पोटात गुरगुर, जुलाब होतात. जेवणाबरोबर घेतली आणि मात्रा हळूहळू वाढवली तर बहुधा त्रास कमी होतो. सुईपेक्षा गोळी बायकांना बरी वाटते यात नवल नाही. मात्र दोन गोष्टी माहीत असाव्यात. ही गोळी वारेतून बाळापर्यंत जाते. तिच्यामुळे बाळात व्यंग आल्याचे आढळलेले नाही. परंतु अशी मुले पुढे काही वर्षांनी वजनाने थोडी अधिक भरतात असे काही पाहण्यांत दिसले, त्यामुळे काही डॉक्टर प्रथम इन्शुलिनच पसंत करतात आणि काही गोळीने सुरुवात करतात. दोघेही आपापल्या परीने योग्यच वागत असतात. दुसरी गोष्ट, गोळी घेऊनही पुष्कळांना पुढे इन्शुलिन लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोळी घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांना इन्शुलिनची जोड द्यावी लागली. तेव्हा गोळीवरून सुईवर जावे लागले तरी कोणी घाबरू नये.

घरात सासऱ्यांची मधुमेहाची गोळी असते, तीच सुनेला द्यावी असे कोणाच्या मनात आले तर ते तेथेच थांबवावे. त्यांच्या गोळ्यांत गरोदरपणी न चालणारी औषधे असू शकतात. कारल्याचा रस, मेथीचे पाणी यांवर भरवसा ठेवून औषध लांबवणेही असेच घातक आहे. कारल्याची भाजी खुशाल खावी, पण ती इन्शुलिनचे काम करणार नाही.

इन्शुलिनची भीती घराघरांत आहे. सुई एकदा लागली की जन्माची लागली, असे लोक म्हणतात. या मधुमेहाच्या बाबतीत ते खरे नाही. जोर वारेचा होता, वार बाहेर पडली की तो त्याच दिवशी ओसरतो, आणि बहुतेक बायकांचे इन्शुलिन बाळंतपणानंतर लगेच बंद होते. त्याची सवयही लागत नाही, कारण ते शरीरात मुळात असणारेच द्रव्य आहे. आणि आईने टोचलेले इन्शुलिन बाळाकडे जात नाही, म्हणून बाळाच्या दृष्टीने हे औषध निर्धोक मानले जाते.

मात्रा किती हे आम्ही मुद्दामच लिहीत नाही, ती प्रत्येकीची वेगळी असते. दिवस भरत येतील तशी ती वाढवावी लागते, त्यावरून आजार बळावला असे समजू नये. उलट शेवटच्या आठवड्यांत साखर आपोआप फार खाली येऊ लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वार थकली असल्याचे ते लक्षण असू शकते. बाळाची हालचाल कमी वाटली तरीही तसेच करावे.

सुईच्या बाबतीत एक चूक आम्ही स्वतः पाहिली आहे. आपल्याकडे इन्शुलिनच्या साध्या बाटलीत दर मिलिलिटरला 40 युनिट असतात, आणि तिच्यासाठी लाल टोपणाची 40 ची सिरिंज मिळते. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या इन्शुलिनची. 40 च्या बाटलीतील औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजने घेतले तर निम्म्याहून कमी मात्रा जाते, आणि उलट केले तर अडीचपट जाते. दुकानातून आणताना बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून पाहावा. टोचावयाचे पोटावर किंवा मांडीवर, कातडीखालच्या चरबीत. सुई बारीक असते आणि बाळापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. घरात फ्रीज नसल्यास एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून मध्ये ओली वाळू भरावी आणि आतल्या मडक्यात कोरड्या डबीत बाटली ठेवावी. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. बर्फाला टेकवू नये, गोठलेले इन्शुलिन वाया जाते.

इन्शुलिन घेतल्यावर जेवण चुकवता येत नाही, ही गोष्ट घरातील सर्वांनी समजून घ्यावी. सुई घेतली आणि रानात भांगलणीला गेली, न्याहरी राहून गेली, तर साखर 70 च्या खाली उतरते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, भूक लागते, बाई असंबद्ध बोलू लागते. अशा वेळी ग्लासभर पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घालून लगेच प्यावयास द्यावे, बसवून ठेवावे, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे आणि मागाहून भाकरी द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, 108 ची गाडी बोलवावी. पथ्यातील बाईच्या पदरात साखरेची पुडी कशाला, असे हसण्यावारी नेऊ नये. ती पुडी असावीच. प्रायश्चित्तकाळातील उपवासाविषयीही आम्हांला विचारतात. गरोदर बाईवर उपवासाची सक्ती नाही, आणि इन्शुलिनवर असलेल्या बाईने तर तो करूच नये. मनाला लागत असेल तर फादरांशी बोलावे, तेही हेच सांगतील.

औषध सुरू झाले म्हणजे पथ्य सुटले असेही नाही. दोन्ही बरोबर चालतात. आणि ज्या बाईला औषध लागले तिचे बाळंतपण घरी होऊ नये. जेथे शस्त्रक्रियेची आणि बाळाच्या डॉक्टरांची सोय आहे तेथे आठव्या महिन्यातच नाव घालून ठेवावे. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे आणि त्याच्या टाचेतून रक्त घेऊन साखर तपासतात की नाही हे विचारावे. विचारण्यात संकोच नको.

त्या भगिनीने त्याच आठवड्यात रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले आणि मेटफॉर्मिनची गोळी घेऊ लागली. जेवणानंतरची साखर आटोक्यात राहिली, पण सकाळची 95 च्या वरच राही, म्हणून आठव्या महिन्यात रात्रीचे इन्शुलिन जोडावे लागले. पहिले चार दिवस आशाताईंनी टोचले, मग सासूबाई शिकल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले, बाळ तीन किलोचे, आणि त्याची साखरही ठीक निघाली. इन्शुलिन त्याच दिवशी बंद झाले.

एक काम मात्र राहिले आहे, आणि तेच बहुतेकजणी विसरतात. ज्यांना गरोदरपणात हा मधुमेह झाला त्यांना पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सातपट असते, असे 2009 साली अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात आढळले. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी करावयाची असते, या वेळी उपाशीपोटी जाऊन, आणि पुढे दर वर्षी एकदा. बाळाच्या सहा आठवड्यांच्या लशीची तारीख तीच येते, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामे होतात. आता सुगी चालू आहे, घरात कापणीला माणसे कमी पडतात. तरी येत्या बुधवारी त्या सासूसुना बाळाला घेऊन सकाळच्या बसने जाणार आहेत, आणि सून उपाशी जाणार असल्यामुळे सासूबाईंनी तिची भाकरी फडक्यात बांधून बरोबर घ्यावयाचे ठरवले आहे.